माठातला नमुना

डाळिंबं नापास झाली ही बातमी बिभीषणाच्या मोबाइलवर आली, तेव्हा तो सोसायटीच्या कचेरीत चेअरमन विठ्ठलरावांना चहा ओतून देत होता. कप भरून बशीत उतरला, बशी भरून टेबलावर उतरली, तरी त्याचं ओतणं थांबेना.

"काय बे, कुणी मेलं का?" विठ्ठलराव ओरडले.

"डाळिंबं फेल झाली. फळात औषध सापडलं म्हणत्यात."

पाऊस दोन साल फिरकला नव्हता. कपाशी गेली, तूर गेली. उमापूरच्या पलीकडच्या त्या गावात बावीस घरांच्या डाळिंबाच्या बागा तेवढ्या टँकरच्या पाण्यावर जीव धरून होत्या. बावीस घरांनी सोसायटी काढली, माल परदेशी धाडायचं ठरवलं आणि बिभीषणाला सेक्रेटरी केलं. त्यानं घरोघर जाऊन खंडोबाचा भंडारा उचलायला लावला, की तोडणीच्या आधी दोन महिने कुणी फवारणीचा पंप पाठीला लावणार नाही. प्रयोगशाळेचा दाखला आला तरच गाडी भरणार होती. नाही आला, तर बावीस घरांचं वर्ष पाण्यात. आणि त्या साली पाण्यात जायलाही पाणी नव्हतं.

"तूच काहीतरी घाण केलीस," विठ्ठलराव म्हणाले. "नमुना कसा धाडलास?"

बिभीषणानं खरं ते सांगितलं. नियम असा होता की दहा झाडांची फळं जशी असतील तशी तोडायची आणि पिशवीत घालून सील करायची. पण परक्या गावी धुळीनं माखलेली डाळिंबं पाठवायची त्याला लाज वाटली. म्हणून त्यानं एकेक फळ खांद्यावरच्या उपरण्यानं लखलखीत पुसलं होतं.

"आन ते उपरणं धुतलं कवा?"

बिभीषणाची बायको मुक्ताबाई मिळेल ते पाणी पिण्यालाच पुरवत होती. उपरण्याची पाळी दिवाळीपासून आली नव्हती. झालं, सगळा दोष उपरण्यावर गेला. सोसायटीनं ठराव करून ते जाळलं आणि दुसरा नमुना धुळीसकट रवाना केला. पहिल्या नमुन्यासोबत तोडून ठेवलेली डाळिंबं गावात वाटून टाकली. "साहेबांना चालत न्हाईत, आपल्याला चालत्यात," असं म्हणत लोकांनी ती आवडीनं खाल्ली. बिभीषणानंही एक टोपली घरी नेली. त्याची लेक सावित्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

दुसरा नमुनाही नापास झाला. या खेपेला औषध जरा जास्तच निघालं.

बिभीषणानं प्रयोगशाळेत फोन लावला. "मॅडम, तुमचं मशीन बिघडलं असंल. आमी भंडारा उचललाय."

"काका, यंत्राला भंडारा कळत नाही," तिकडून बाई शांतपणे म्हणाल्या. "आम्ही फळ सालीसकट वाटतो, त्यात द्रावक घालतो, गरगर फिरवतो आणि वरचा निवळ भाग यंत्रात सोडतो. दहा लाखात एक भाग औषध असलं तरी ते दाखवतं. फवारणी केली नाही म्हणता, मग पाणी कुठलं देता?"

"टँकरचं. शेततळ्यात सोडतो. ऊन लई हाय, फळं तडकू नयेत म्हून झाडावर त्याचाच शिडकावा करतो."

"मग बाटलीभर पाणी पाठवा."

बिभीषण बाटली घेऊन शेततळ्यावर गेला. पाणी गढूळ, वर शेवाळ, त्यात मेलेला बेडूक. असलं पाणी शहाण्या बाईपुढं ठेवायचं? उपरण्यानं एकदा तोंडघशी पाडलं होतं, तरी माणसाचा स्वभाव काही जळत नाही. तो घरी आला, माठावरचं ताट बाजूला केलं आणि थंडगार, नितळ पाणी बाटलीत भरलं. दोन्हीकडं टँकर एकच येत होता, तेव्हा पाणीही एकच, असा त्याचा सरळ हिशेब होता. आणि तो चुकलाही नव्हता.

आठ दिवसांनी कागद आला. पाण्यात तेच औषध होतं, आणि खाली शेरा होता: "फळबागेस वापरण्यास अयोग्य."

कचेरीत आनंदीआनंद झाला. कारण सापडलं होतं! टँकरचा ड्रायव्हर नबी याला बोलावलं. तो खाली मान घालून म्हणाला, "मी काय सांगू? कपाशीच्या वक्ताला मालकांनी याच टाकीत औषध कालवायला लावलतं. धुवायला पाणी मागितलं, तर म्हणाले, पुढच्या खेपेला आपसूक धुऊन निघंल. पर बुडाला बसलेला थर अजून सुटतोय."

मालक म्हणजे विठ्ठलराव. ते खाकरले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "झालं गेलं. बागेसाठी नवी कोरी टाकी आणू. बाग नाजूक असती."

"आन जुनी टाकी?" बिभीषणानं विचारलं.

"जुनी गावाला चालू ठेवू. गाव तहानलेलं ठिवायचं का?"

"पर चेअरमनसाहेब, ती बाटली मी माझ्या माठातून भरलती."

विठ्ठलरावांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. "हितं फळबागेस अयोग्य लिवलंय. माणसाचं काय लिवलंय का? न्हाई ना? मग हे भाईर बोलू नको. गाडी भरू दे."

शेततळं उपसलं, नव्या टाकीच्या पाण्यानं झाडावरची फळं धुतली, तेव्हा तिसरा नमुना पास झाला. गाडी भरली, नारळ फुटला, बिभीषणाच्या गळ्यात हार पडला. हार घालूनच तो घरी आला, तर सावित्री न्हाणीत ओकत होती.

"आठव्या म्हयन्यात कुणी असं ओकतं का?" मुक्ताबाई म्हणाली. "डोकं बी फिरतंय म्हणती. म्या म्हणलं, लेकरा, पाणी पी, भरपूर पाणी पी."

बिभीषणानं माठाकडं पाहिलं. बावीस घरांच्या फळांचा दाखला त्याच्या खिशात होता आणि पोटच्या पोरीला त्यानं स्वतःच्या हातानं काय पाजलं होतं, तेही त्याच खिशात दुसऱ्या कागदावर लिहिलेलं होतं. त्याला हार काढायचीही शुद्ध राहिली नाही. त्यानं माठ उचलून अंगणात पालथा केला, दोन घागरी घेतल्या आणि भर दुपारी, सगळं गाव उन्हाला भिऊन घरात असताना, बागेचं पाणी चोरायला निघाला.

शेततळं आता घासूनपुसून साफ केलं होतं. काठावर एक बाई आधीच कळशी बुडवत होती. विठ्ठलरावांच्या छबुबाई.

"वहिनी, तुमी?"

छबुबाई दचकल्या, पण गळ्यातला हार आणि हातातल्या घागरी पाहून त्यांना सगळं कळलं. "आमच्यात टँकरचं पाणी पीत न्हाईत, भावजी. आमच्या ह्यांनीच घातलीय बंदी. आदी आडाचं पुरत होतं, परवा आड आटला."

"बंदी कवापासून?"

"कपाशीची फवारणी झाली तवापासून."

बिभीषणानं आधी छबुबाईंची कळशी वर ओढून दिली, कारण बाईमाणूस वाट बघत उभं होतं.

गावात माठ पालथा झाल्याची गोष्ट लपत नसते. पंधरा दिवसांत शेततळ्याची पातळी हातभर खाली गेली. सोसायटीची बैठक बसली. "बागेचं पाणी चोरीला जातंय," विठ्ठलराव गरजले. बावीसही जण आपापल्या चपलांकडं बघत राहिले. राखणदार नेमायचं ठरलं आणि एकमतानं नाव आलं बिभीषणाचं, कारण गावात त्याच्याइतका खरा माणूस दुसरा नव्हता.

दुसऱ्या दुपारी तो काठी घेऊन लिंबाखाली बसला. उन्हातून बाया एकेक करून आल्या आणि काठी बघून थबकल्या. बिभीषणानं काठी बुडाखाली घेतली.

"रांगेनं या. गढूळ करू नका."

पहिली कळशी छबुबाईंची भरली, दुसरी घागर सावित्रीसाठी. त्या दिवशी डाळिंबांना पाणी पुरलं नाही.