प्रयोगात वीज

तात्पुरत्या सरांनी ॲमीटर दुरुस्त केला आणि तिथूनच सगळं बिघडायला लागलं.

शाळेत त्यांना सगळे तात्पुरते सरच म्हणत. कुणाच्या तरी रजेत विज्ञान शिकवायला म्हणून ते आले आणि आज कायम होतील, उद्या होतील म्हणता म्हणता तसेच राहिले. बायको दूरच्या गावी नोकरीला होती. "तू कायम झालास की मी बदली मागते, मग एका घरात राहू," असं ती फोनवर म्हणायची आणि सर नुसतं 'हो' म्हणायचे. आता एकदाचे तपासणीसाहेब यायचे होते. त्यांच्यासमोर घेतलेला पाठ बरा झाला की सर कायम. पाठ होता व्होल्टेज आणि विजेची धारा मोजून रोध काढण्याचा.

या प्रयोगाची शाळेतली रीत अशी, की तो कुणी करत नसे. धारा मोजणाऱ्या ॲमीटरचा काटा केव्हाच गतप्राण झाला होता. पण रोधकाच्या डबीवर 'दहा ओहम' असं छापलेलं होतं, म्हणजे उत्तर दहा यायला हवं हे पोरांना पाठ होतं. मग एका व्होल्टला धारा शून्य पूर्णांक एक, दोन व्होल्टला शून्य पूर्णांक दोन, असे मागून पुढे आकडे बसवले की भागाकार हटकून दहा. मुलं वर्षानुवर्षं अशीच पास झाली आणि त्यातली काही पुढे इंजिनियरही झाली, हे सांगताना वाईट वाटतं.

सरांना मात्र या खेपेला खरा प्रयोग दाखवायची हुक्की आली. त्यांनी खटपट करून काट्यात जीव आणला, नव्या वायरी जोडल्या आणि एका व्होल्टवर ठेवून बटण दाबलं. काटा हलला. सरांना इतकं भरून आलं, की पुढचे व्होल्ट तपासायचे राहूनच गेले.

तपासणीच्या दिवशी साहेब मागच्या बाकावर बसले. शेजारी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका. सरांनी पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीला पुढे बोलावलं.

"व्होल्टेज एक आहे. धारा किती?"

"शून्य पूर्णांक एक," ती फळ्याकडे बघत म्हणाली.

"बाळ, काट्याकडे बघून सांग."

तिने काट्याकडे बघितलं आणि दचकून मागे सरली. "सर, हा हलतोय."

"हलणारच. त्यासाठीच असतो तो."

अख्खा वर्ग काटा बघायला उठला. त्यांना परत खाली बसवताना सरांना घाम फुटला.

"एका व्होल्टवर काय करताय?" साहेब मागून म्हणाले. "पाच करा."

सरांनी पाच केले. काटा अर्ध्याच्या जरासा पुढे जाऊन थांबला. "आता धारा किती?"

"शून्य पूर्णांक पाच," वर्ग एका सुरात म्हणाला.

"नीट बघा रे. शून्य पूर्णांक पाच दोन आहे."

"सर, मग उत्तर दहा नाही येणार," चष्मेवाली काळजीने म्हणाली.

"नऊ पूर्णांक सहा येईल. येऊ दे."

"पण डबीवर दहा लिहिलंय."

"आणि शक्ती किती?" साहेबांनी विचारलं.

"पाच गुणिले शून्य पूर्णांक पाच. अडीच वॅट," वर्ग म्हणाला.

"शाब्बास."

अडीच वॅट हे शब्द कानावर पडले आणि सरांना रोधक आठवला. गव्हाच्या दाण्याएवढा तो रोधक, त्याची ताकद पाव वॅट सोसण्याची. व्होल्टेज पाचपट केलं की शक्ती पंचवीसपट, हे सर दरवर्षी फळ्यावर लिहीत. पण वीज कधी वाहिलीच नव्हती, त्यामुळे शक्तीची फिकीर कोण करणार? ते बटणाकडे धावले. तोवर रोधक तडकला, धूर निघाला आणि काटा शून्यावर येऊन पडला.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "आता धारा किती?"

"शून्य पूर्णांक पाच," वर्ग म्हणाला.

"रोध?"

"दहा."

"आणि हा धूर कसला?"

"तो प्रयोगात नाहीये, साहेब," चष्मेवाली म्हणाली.

"साहेब, रोधक जळालाय," सर काकुळतीला येऊन म्हणाले. "धारा शून्य आहे. काटा बघा ना."

"इतक्या लांबून काटा कुणाला दिसतो?" साहेब उठले. "डबीवर दहा, मुलं म्हणतात दहा, माझ्या हिशेबानेही दहाच. दहा न म्हणणारे तुम्ही एकटे. मुलांची तयारी पक्की आहे, पण तुम्ही त्यांच्यात लुडबुड फार करता. अजून एक वर्ष बघू."

साहेबांना फाटकापर्यंत पोचवून मोठ्या बाई परत आल्या. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच कळत नव्हतं. "इतकी वर्षं हा प्रयोग कसा सुरळीत चालला होता हो. तुम्ही कशाला त्यात वीज घातलीत?"

रिकाम्या वर्गात वायरी गुंडाळत बसावं आणि कुणाशी बोलू नये, असं सरांना वाटत होतं. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"बदलीचा अर्ज घेऊन आमच्या इथल्या साहेबांच्या दारात उभी आहे मी. देऊ ना?"

"नको देऊस."

"का? काय झालं?"

"माझं उत्तर नऊ पूर्णांक सहा आलं. तपासणीसाहेबांना दहा हवं होतं."



"मग दहा म्हणायचं होतंस ना रे," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.