हिरव्या नळांचं घर

माणसानं कचेरीतल्या व्याख्यानाला जाऊ नये. जावंच लागलं, तर मागच्या रांगेत बसून झोप काढावी. मी पुढच्या रांगेत बसलो, जागा राहिलो, आणि तिथूनच आमच्या घराचे दिवस फिरले.

व्याख्यानाचा विषय होता ‘नीटनेटकं, मेळ असलेलं आणि टिकाऊ घर’. सांडपाण्याचा थेंबसुद्धा वाया घालवू नका, झाडांना द्या. घरातल्या रंगांचा एकमेकांशी मेळ बसवा, म्हणजे माणसांचाही बसतो. (बोलताना ते गृहस्थ स्वतः बाटलीमागून बाटली पाणी रिचवत होते. पण मोठ्या माणसांचं सगळंच वेगळं असतं.)

आमच्या घरात तेव्हा कशाचा मेळ म्हणून नव्हता. मागच्या खोलीत माझी सासू, हज्जा नजमिया (हज करून आल्यापासून सगळे तिला हज्जाच म्हणत), शेवटच्या आजारात पडून होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. माझी बायको रुदैना आईचं अंग पुसायची, कूस बदलायची, स्वयंपाकघरात जाऊन रडायची आणि डोळे कोरडे करून पुन्हा आत जायची. मला काही काम नव्हतं. घरात कुणी मरणाच्या दारी असलं की बायकांना श्वास घ्यायला फुरसत नसते आणि पुरुष नुसता वाटेत उभा असतो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा मी भिंतींना पाइप लावायला घेतले.

हज्जाचं मागणं एकच होतं. “मला इस्पितळात नेऊ नका. मेल्यावर तिथल्या गार टेबलावर परक्या हातांनी आंघोळ नको. माझ्या लेकीच्या घरात, लेकीच्या हातून, भरपूर स्वच्छ पाण्यानं घाला.” रुदैनानं आईचा हात हातात घेऊन तसा शब्द दिला होता. आईसाठी आता करण्यासारखं तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं.

आमच्या टेकडीवर पाण्याचा वार मंगळवार. त्या दिवशी गच्चीवरची टाकी भरायची आणि ती पुढच्या मंगळवारपर्यंत पुरवायची. अम्मानमध्ये जन्मलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मला व्याख्यानानं पुन्हा शिकवलं. मी मागच्या अंगणात एक मोठा ड्रम आणून ठेवला, न्हाणीघराचं आणि कपड्यांच्या मशिनचं सांडपाणी त्यात सोडलं आणि ड्रमापासून बागेपर्यंत पाइप नेला. मग घरात येऊन हुकूम काढला.

“उद्यापासून फरशीवर बादल्या ओतणं बंद. ओल्या फडक्यानं पुसायची.”

“पुसायची?” रुदैनाच्या हातात फरशीचं पाणी लोटायचा रबरी झाडू होता. तो तिनं माझ्या दिशेनं जरा उचलला. “आजारपणाचं घर आहे, माणसं भेटायला येतात. चिकट फरशीवर पाय ठेवतील ती?”

“थेंब थेंब वाचला पाहिजे.”

“अहो, माणूस चाललंय माझं! थेंब काय मोजताय?”

आतून हज्जाचा आवाज आला. अंगात त्राण नव्हतं, पण जीभ शाबूत होती. “रुदैना, माझं तोंड धुतलेलं पाणी यानं पुदिन्याला घातलं, तर त्या पुदिन्याचा चहा यालाच पाज.”

“मावशी, साबणानं झाडाला काही होत नाही,” मी दारातून म्हणालो.

“मला झाडाची काळजी नाही रे, अबू सुहैब. लेकीची आहे. मी गेल्यावर ती तुझ्याबरोबर एकटीच राहणार.”

मी अंगणात गेलो आणि रंगाचा डबा उघडला.

रंगांचा मेळ बाकी होता ना! ड्रम निळा, पाइप काळे, भिंतीवरच्या दोन नळांपैकी एकाचा दांडा लाल. तो लाल दांडा माझ्या फार डोळ्यांत खुपायचा. मी सगळं एकाच सुंदर हिरव्या रंगात रंगवून काढलं. ड्रम हिरवा, पाइप हिरवे, दोन्ही दांडे हिरवे. (लाल दांडा लाल का असतो, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता.)

गुरुवारी दुपारी मी ड्रमाचा नळ उघडला. काय तो जोर! पाणी उसळ्या मारत बागेत शिरलं. लिंबाच्या आळ्यात, अंजिराच्या मुळाशी, पुदिन्यात, नुसतं पाणीच पाणी. न्हाणीघराच्या सांडपाण्यात एवढी शक्ती असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी कमरेवर हात ठेवून रुदैनाला हाक मारली. “अगं, बघ तरी!”

ती खिडकीत आली. तिनं बागेकडे पाहिलंसुद्धा नाही. “आईला ताप चढलाय,” ती म्हणाली.

मला माझीच लाज वाटली. मी धावत आत गेलो आणि मागे नळ तसाच वाहत राहिला.

शुक्रवारी पहाटे हज्जा गेली. लेकीचा हात हातात होता, ओठ कलमा पुटपुटत होते, आणि मग ते थांबले. रुदैनानं आईचे डोळे मिटले, हनुवटी बांधली. आमच्यात मातीला उशीर करत नाहीत. दुपारच्या नमाजनंतर दफन ठरलं. रुदैनानं मोठं पातेलं नळाखाली ठेवलं आणि नळ सोडला.

नळ दोनदा खाकरला आणि गप्प झाला.

तिनं न्हाणीघरातला नळ सोडला. मग बेसिनचा. मग माझ्याकडे पाहिलं.

“टाकीत पाणी होतं ना?”

“होतं की. मंगळवारीच तर...” आणि माझ्या डोळ्यांपुढे तो बागेतला जोर उभा राहिला. मी मागच्या अंगणात धावलो. ड्रम काठोकाठ भरलेला होता, फेसासकट. त्याच्या शेजारी गच्चीवरच्या टाकीचा नळ, एके काळी लाल दांड्याचा, आता हिरवागार, उघडा.

मी काय केलं ते सांगायला नको, पण सांगतो. मी पातेलं घेऊन बागेत उतरलो. वाटलं, कुठे खळग्यात तरी साचलं असेल. गुडघ्यापर्यंत रुतलो, अंजिराच्या मुळाशी तोंडावर पडलो आणि पातेल्यातून चिखल घेऊन वर आलो. टँकरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “उद्या. अख्खं शहर मागतंय.” त्या आठवड्यात पाणी आलं होतंच करंगळीएवढं, इमारतीतल्या सगळ्यांच्याच टाक्या तळाला गेलेल्या.

रुदैना दारात उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “आईनं एकच तर मागितलं होतं.” आणि खाली बसली. मला वाटलं, हज्जाच्या जागी आज मी गेलो असतो तर घरादारावर उपकार झाले असते.

लाज गुंडाळून मी वरच्या मजल्यावर गेलो. शेजारीण उम्म हातिमनं दार उघडलं. तिला सगळं कसं सांगावं, याची जुळवाजुळव मी जिन्यात केली होती.

“उम्म हातिम, हज्जा गेली, आणि...”

“देव तिला जवळ करो,” तिनं डोळ्यांना ओढणी लावली. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आणि तू टाकी रिकामी केलीस.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

ती जिना उतरली, तडक मागच्या खोलीत गेली, हज्जाच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि गुडघे टेकून पलंगाची लोंबती चादर वर केली. खाली ऑलिव्ह तेलाचे डबे ओळीनं मांडले होते, आतून बाहेरून घासून लख्ख केलेले आणि वरपर्यंत पाण्यानं भरलेले.

“यानं पहिला पाइप घरात आणला ना, त्याच दिवशी हज्जानं मला बोलावून घेतलं,” उम्म हातिम रुदैनाला म्हणाली. “म्हणाली, मला जायला अजून थोडा वेळ आहे, पण या घरातलं पाणी माझ्या आधी जाणार. तू बाजाराला गेलीस की मी डबे ओतून पुन्हा ताजं भरायची.”

“मला सांगायचं तरी!” मी म्हणालो.

“तुला नाहीच सांगायचं, असं तिनं शपथेवर बजावलं होतं. ‘कळलं तर यातही सुधारणा करेल’ म्हणाली.”

रुदैना आईच्या छातीवर डोकं ठेवून रडली. मध्येच हसलीसुद्धा, आणि मग जास्तच रडली. शेजारणी आंघोळीच्या पाण्यात घालायला बोरीचा पाला आणि कापूर घेऊन आल्या. दार बंद झालं. मी बाहेर भिंतीला टेकून बसलो आणि आतून पाणी ओतल्याचा आवाज ऐकत राहिलो. रुदैना हात आखडता न घेता, मनसोक्त ओतत होती. माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते अडवायची मला इच्छा झाली नाही.

आंघोळ आटोपल्यावर उम्म हातिम बाहेर आली. तिच्या हातात एक छोटी बाटली होती.

“ही वेगळी काढून ठेवायला सांगितली होती हज्जानं.”

“कशासाठी?”

“तुझ्यासाठी. म्हणाली, ‘लोक भेटायला येतील आणि जावई कुठेतरी माखून आलेला असेल. त्याला तोंड धुवायला लावून मगच खुर्चीत बसव. शेवटी आमच्या घरचा माणूस आहे.’”

मी निमूटपणे तोंड धुतलं आणि दफनाहून आल्यावर, भेटायला येणाऱ्यांना कडू कॉफी पाजायला दारातल्या खुर्चीत बसलो. दिवस मावळेपर्यंत माणसं येत होती, माझा हात हातात घेऊन ‘देव तुम्हाला धीर देवो’ म्हणत होती, आणि प्रत्येकाची नजर माझ्या चेहऱ्यावरून बाजूला सरकत होती. मला वाटलं, दुःखात असलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघवत नाही लोकांना. संध्याकाळी शेवटचा माणूस गेल्यावर रुदैना म्हणाली, “अहो, तुमच्या डाव्या कानात पुदिना आहे.”