वादी कोण?

रिद्धीने चार्ट वाळायला पडवीत टांगला आणि ती क्लासला गेली. भाषण होतं ‘समतावादी’ या शब्दावर. पहिला नंबर आपलाच, याबद्दल निदान तिला तरी शंका नव्हती. अक्षरं तिने एवढी ठसठशीत काढली की शब्द एका ओळीत मावलाच नाही. त्यात वाऱ्याने कागदाचा वरचा भाग गुंडाळला. ‘समता’ आत गेली आणि बाहेर उरलं एवढंच : ‘वादी – १) मी २) अंजनी आत्या.’

बदलापूर गावातल्या त्या घरात वादी म्हणजे एकच, केस टाकणारा. मागच्या शेताची केस बावीस वर्षं चालली होती. चार्ट बघून रिद्धीचे बाबा, अनंता, घामाघूम झाले. सहा वर्षांपूर्वी त्यांनी बहिणीची वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. तेव्हापासून मोरिवलीची अंजनी आत्या या घरी आलीच नव्हती. दर भाऊबिजेला रिद्धीला मात्र प्रत्येक रिक्षा आत्याचीच वाटायची.

बाबांनी वकिलांना फोन लावला.

“नोटीस आली का?”

“नाय साहेब. चार्ट आलाय.”

“मग आधी बहिणीशी बोला.”

सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तो नंबर फिरवला. “ताई, केस टाकलीस तर टाकलीस, पोरीला कशाला ओढतेस?”

पलीकडून आवाज आला, “कसली केस रे? थांब, येते.”

रिद्धी परतली तर पडवीत आत्या! ती धावत जाऊन बिलगली, तोच बाबा म्हणाले, “आधी हे काय ते सांग.”

तिने कागद उलगडला. “समतावादी, बाबा! सगळ्यांना सारखं मानणारा. आत्या आंबा कापायची तेव्हा पोरा-पोरींना सारख्याच फोडी द्यायची, म्हणून तिचं नाव. ‘वद्’ म्हणजे बोलणं, त्यावरून वाद, वादी. कोर्टातलासुद्धा तोच. आधी बोलतो तो वादी.”

“मग मी कसली वादी गो?” आत्या हळूच म्हणाली. “सही करताना मी कुठं बोलले?”

मग ती बाबांकडे वळली.

“आता बोलू का, अनंता? टाकू केस?”

“टाक,” बाबा म्हणाले. “पण तारखेला इथूनच जाऊ. जेवून.”

“तारखा लई वर्षं चालतात रे.”

“चालू दे.”