डबीची वीट

वाचकहो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला यंत्रांतलं कळतं! आमच्या घरात भिंतीवरच्या घड्याळाची बॅटरी मी बदलतो, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी ओढून काढतो आणि शेजारच्या वकीलबाईंच्या फोनचा आवाज आपोआप बारीक का होतो, हेही मीच शोधून काढलं. (त्या बटणावर अंगठा दाबूनच बोलायच्या.) त्यामुळे शनिवारी सकाळी नऊ वाजता मी बायकोला म्हणालो, "वीस मिनिटांचं काम आहे!" तेव्हा त्यात बढाई अजिबात नव्हती. अनुभव होता.

काम होतं आमच्या डबीचं. डबी म्हणजे पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशांना चिकटून बसलेली एक काळी पेटी. पोटात दोन हार्ड डिस्क. घरातले सगळे फोटो, सगळी कागदपत्रं आणि बायकोची सगळी चित्रं त्या पोटात. बायको मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. मी मुद्रितशोधक आहे. म्हणजे ती पानं सुंदर करते आणि मी त्यांतल्या चुका काढतो. घरातही साधारण हीच विभागणी आहे, फक्त चुका काढायचं खातं तिच्याकडे आहे.

तर ही डबी ज्या कंपनीने बनवली, तिने डबीकडे बघणं सोडून दिलं होतं. डबी मला रोज सकाळी संदेश पाठवायची : 'आपले उपकरण जुने झाले आहे. यापुढे सुधारणा मिळणार नाहीत.' सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाने रोज उठून हे वाचायचं! मी उपाय शोधला. कंपनीची प्रणाली काढून टाकायची आणि डबीत लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घालायची. डबी पुन्हा तरुण! फक्त त्याआधी तिचा बूटलोडर नवा करून घ्यायचा.

"बूट कुठे लोड करायचेत?" सासूबाईंनी विचारलं. सासूबाई आमच्याकडेच असतात. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढून निवृत्त झाल्यात, आणि घरात कुठलीही नवी गोष्ट आली की आधी तिची पाठ उघडून बघतात.

"बूट नाही हो, आई. बूटलोडर! डबीला वीज मिळाली की सगळ्यात आधी जागा होतो तो छोटासा प्रोग्रॅम. तो स्वतः उठतो आणि मग बाकीच्यांना उठवतो."

"म्हणजे मी," सासूबाई म्हणाल्या.

बायको पर्स खांद्याला लावून दारात उभी होती. "हे बघ, आज नको. आज संध्याकाळी सहाच्या आत मला बत्तीस चित्रं प्रकाशकांना पाठवायचीत. आठ महिन्यांचं काम आहे! मी छापखान्यात रंग बघून येते. तोपर्यंत डबीला हात लावायचा नाही."

"अगं, चित्रं डिस्कवर असतात. बूटलोडर वेगळ्या चिपवर असतो. दोघांचा काही संबंधच..."

"हात. लावायचा. नाही."

"नाही लावत," मी म्हणालो, आणि शब्द पाळला. बूटलोडर बदलायला डबीला हात लावावाच लागत नाही. सगळं लॅपटॉपवरून होतं!

सासूबाई देवळात गेल्या नाहीत, बाजारात गेल्या नाहीत, कुठेच गेल्या नाहीत. समोर बसून स्वेटर विणत बघत राहिल्या. मी आमच्या डबीच्या मॉडेलची फाइल शोधली, उतरवली आणि हुकूम सोडला. पडद्यावर अक्षरं धावली. जुना पुसला. नवा लिहिला. 'डबी पुन्हा सुरू करा.' केली.

डबी बंद झाली. आणि बंदच राहिली.

एरवी तिचा निळा दिवा आधी लुकलुकतो, मग स्थिर होतो. आता निळा नाही, हिरवा नाही, काहीच नाही. मी एक मिनिट थांबलो. पाच मिनिटं थांबलो. प्लग काढून लावला. फुंकर मारली. फुंकर का मारली ते मला विचारू नका! शेवटी दिलेला शब्द मोडला आणि डबीच्या पाठीवर हात ठेवून बघितला. गार!

मग मी अशा डब्यांच्या हौशी लोकांचा एक चर्चामंच आहे, तिथे धाव घेतली. 'थंड चहा' नावाने वावरणाऱ्या एका गृहस्थांनी दोन मिनिटांत उत्तर दिलं : 'तुम्ही उतरवलेल्या फाइलच्या नावातलं शेवटचं अक्षर मोठ्याने वाचा.'

मी वाचलं. इंग्रजी एल, छोटा.

'आता डबीखालचं लेबल वाचा.'

मी डबी उलटी केली. इंग्रजी आकडा एक.

एल आणि एक! दिसायला जुळे भाऊ, पण डब्या वेगळ्या आणि बूटलोडरही वेगळे. तेवीस वर्षं लोकांच्या वेलांट्या आणि अनुस्वार पकडून जगलेला माणूस मी! एका लेखकाला मी स्वल्पविरामावरून रडवलंय! आणि मला एका उभ्या दांडीचा फरक दिसला नाही.

'अभिनंदन,' थंड चहाने पुढे लिहिलं, 'अशा डबीला आमच्याकडे वीट म्हणतात.'

वीट! मला तर अकरा वाजताच वीट आला होता.

तुम्ही म्हणाल, डिस्क काढून दुसरीकडे जोडायच्या. जोडल्या असत्या! पण माझ्या लॅपटॉपला तशी सोय नाही, आणि वेग वाढावा म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच डिस्क अशा जुंपल्या होत्या की प्रत्येक चित्राचा अर्धा तुकडा एकीवर, अर्धा दुसरीवर. तुम्ही म्हणाल, चित्रांची दुसरी प्रत असेलच. दुसरी प्रत काढायचं काम माझ्याकडे होतं.

तेवढ्यात फोन वाजला. बायको!

"ऐक ना, मी इथून डबीतलं हत्तीचं चित्र उघडायला बघतेय. उघडत नाहीये."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "नेट गेलंय."

सासूबाईंची सुई थांबली.

"बरं, मी तक्रार करते," बायको म्हणाली. "कनेक्शन माझ्याच नावावर आहे."

"नको नको, येईल..." फोन बंद!

आता बघा, आमच्या नेटवाल्या कंपनीचा माणूस एरवी तीन दिवस येत नाही. आला की शिडी विसरलेला असतो. त्या दिवशी तो पंचवीस मिनिटांत हजर. शिडीसकट!

"नेट तर चालू आहे, साहेब," तो म्हणाला.

"मधूनमधून जातं," मी म्हणालो.

"मधूनमधून?" त्याचा चेहरा उजळला. दुर्मीळ आजाराचा रुग्ण मिळाल्यावर डॉक्टरचा उजळत असावा, तसा. "मग मुळापासूनच बघायला हवं!" त्याने गच्चीपर्यंतची तार बघितली, तिची टोकं कापून नवी लावली, भिंतीवरच्या राउटरच्या सगळ्या जुन्या नोंदी पुसल्या आणि हात झटकत म्हणाला, "आता वरून सुरू व्हायला दोन-तीन तास लागतील."

"म्हणजे आता नेट नाही?"

"आता नाही."

मी बोललेलं खोटं त्याने दीड तास राबून खरं करून दिलं! जाताना टेबलावरच्या उलट्या डबीकडे बघून तो "अरेरे" म्हणाला. ते ऐकून मला भरून आलं.

उरलेलं संभाषण मी न्हाणीघराच्या खिडकीशी स्टुलावर उभा राहून केलं, कारण फोनचं नेट आमच्याकडे फक्त तिथे पोचतं. थंड चहाचं म्हणणं असं की, आशा आहे. डबी उघडा. आतल्या हिरव्या पाटीच्या कडेला तीन बारीक भोकं असतील. तिथून तीन तारा लॅपटॉपपर्यंत आणा. डबीला वीज मिळते त्या पहिल्याच क्षणी तिची मुख्य चिप त्या तारांवर कान देते : कोणी आहे का? नेमक्या त्या क्षणी तुम्ही हाक मारली, तर ती योग्य बूटलोडर तुमच्याकडून घेईल. क्षण चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

मी योग्य फाइल उतरवली. शेवटचं अक्षर चार वेळा वाचलं. लॅपटॉपला लावायची तार माझ्याकडे होती. 'कधीतरी लागेल' म्हणून घेतलेल्या वस्तूंचा एक खण आहे, त्यात वेष्टणासकट होती. पण तिची टोकं त्या भोकांत टिकेनात. एक बसवावं तर दुसरं निघे. मी चिकटपट्टी लावली. मी कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. मी त्या चिमट्याला चार शब्द सुनावले.

"सरका बाजूला, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी विणकामाच्या पिशवीच्या तळातून, लोकरीच्या गुंड्यांखालून, तारांना डाग द्यायची जुनी इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, काढली. नोकरीत वापरलेली! तापवली, चष्मा नाकाच्या टोकावर घेतला आणि तारांच्या टोकांवर वितळलेल्या कथलाचे तीन थेंब टाकले. बाजरीच्या दाण्याएवढे. हात हलला नाही की श्वास हलला नाही.

"आता लावा."

मी वीज लावली. पडद्यावर काहीच नाही. अगदी काळोख!

"कुठली तार कशाला जोडायला लावलीत?" त्यांनी विचारलं.

"सरळ आहे. लॅपटॉपची बोलायची तार डबीच्या बोलायच्या तारेला, ऐकायची ऐकायच्या तारेला."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत त्यांनी लाखभर चुकीचे नंबर जोडून मागणारी माणसं ऐकली असतील, पण असा इसम बहुधा पहिलाच. "अहो, दोघांची तोंडं तोंडांना बांधलीत! दोघंही बोलतायत, ऐकतंय कोण? एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला हवं. संसारात नाही कळलं, निदान तारेत तरी कळू दे!"

त्या तारा बदलत असतानाच दार उघडलं. साडेचार. बायको.

"नेटवाल्याचा फोन आला होता," ती म्हणाली. "म्हणाला, मॅडम, नेटला काहीच झालं नव्हतं. साहेबांनी मात्र एक डबी फाडून ठेवलीय."

तिने टेबलाकडे बघितलं. झाकण, स्क्रू, चिमटा, लोकर. मला वाटलं होतं ती ओरडेल. मी त्याची तयारीही केली होती. पण ती खुर्चीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "हत्तीचे डोळे मी अकरा वेळा काढलेत रे."

मुद्रितशोधनात एक खूण असते, हा मजकूर काढून टाका अशी. ती मी स्वतःवर मारून घ्यायला तयार होतो.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "चित्रं डिस्कवर आहेत, शाबूत. फक्त डबी उठत नाहीये. मला माणूस हवाय. मी हाक मारायची, त्याच वेळी कोणीतरी प्लगचं बटण दाबायचं."

ती उठली आणि बटणापाशी जाऊन उभी राहिली. "सांग."

"एक, दोन, तीन!"

खट्! काहीच नाही.

"तू तीनला दाबलंस?"

"मग केव्हा?"

"तीन म्हणून झाल्यावर!"

"मग चार म्हण ना!"

पुन्हा. या वेळी तिने माझ्या चारची वाट बघितली आणि मी तीनवरच हाक मारून मोकळा झालो. पुन्हा. उशीर. पुन्हा. मी मोजायच्या आधीच तिने रागाने बटण दाबलं. पंधरा वर्षांचा संसार, आणि तीनपर्यंत एकत्र मोजता येईना! पाच वाजून पाच मिनिटं झाली तेव्हा सासूबाई उठल्या.

"दोघंही गप्प बसा. मी 'जोडा' म्हणेन. बास!" आणि त्यांनी एक्स्चेंजच्या त्या जुन्या, खणखणीत आवाजात म्हटलं, "जोडा!"

खट्! पडद्यावर एक टक्का आला.

टक्का! मी ओरडलो. बायको धावत आली. दोन टक्के. तीन टक्के. ती डबी त्या बारीकशा तारेतून बूटलोडर असा गिळत होती, जसा आजारी माणूस चमच्याने पेज घेतो. वीस टक्क्यांना फोन वाजला, कोणी उचलला नाही. साठ टक्क्यांना बायकोने माझं मनगट धरलं. प्रेमाने नव्हे, पण धरलं. शंभर! डबीने पडद्यावर पहिली ओळ लिहिली, मी योग्य बूटलोडर तिच्या चिपवर पक्का केला, आणि तो निळा दिवा लुकलुकायला लागला. मग स्थिर झाला.

बत्तीसच्या बत्तीस चित्रं होती. हत्तीही होता, दोन्ही डोळ्यांसकट. घरचं नेट अजून वरून सुरू व्हायचं होतं, म्हणून बायकोने न्हाणीघराच्या स्टुलावर उभं राहून चित्रं पाठवली. सहाला चार मिनिटं कमी असताना शेवटचं गेलं. मग ती खाली उतरली आणि मला जे काही म्हणाली, ते छापण्याजोगं नाही. मी स्वतः मुद्रितशोधक आहे, मला कळतं.

रविवारी, चित्रांच्या दोन वेगवेगळ्या प्रती काढून, त्या दोघींच्या देखरेखीखाली मी डबीत लिनक्स घातलं. गुमान बसलं! मी विजयाने दोघींना पडदा दाखवला.

"छान," बायको म्हणाली. "काय बदललं?"

"काय बदललं? अगं, अगदी ताजा बूटलोडर आहे आता!"

"तो काय करतो?"

"डबी चालू करतो."

"आणि आधीचा काय करायचा?"

"डबी... चालू करायचा."

"बरं," असं म्हणून ती आत गेली.

सासूबाई मात्र थांबल्या. त्यांना माझी दया आली असावी. "पण आता लवकर चालू होत असेल, नाही का?"

"हो तर, आई!" मी म्हणालो. "आधी चाळीस सेकंद लागायचे. आता अडतीस!"

त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि विणकाम उचललं.

वाचकहो, तुमच्यापाशी म्हणून सांगतो. एक्केचाळीस लागतात.