आधी धुराची वाट

कुणाच्या घरी गेलं की लोक आधी चपला काढतात, मग राम राम करतात. आमचे शेजारी वायरमन नाना आधी तोंडात बोट घालतात. मग ते ओलं बोट उंबऱ्यावर धरायचं, खिडकीपाशी धरायचं, टाचा उंचावून छताखाली धरायचं. "वारं हिकडून येतंय," असा निकाल दिला, की मगच घरच्यांची विचारपूस.

नानांची सगळी नोकरी विजेच्या खांबावर गेली. पण विजेवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "हीटर? लाईट हाय तवर हीटर. गेली की लोखंड." थंडी सुरू झाली की आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणी येतात. कुणाच्या म्हाताऱ्या आईच्या खोलीत शेगडी ठेवायची असते, कुणाला बाळंतिणीची खोली ऊबदार हवी असते. लोक किमतीचं विचारतात. नाना म्हणतात, "आधी धुराची वाट सांगा. त्यो कुठून जाणार?"

आता माझं ऐका. तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालो आणि बीडजवळ पालीला धरणाच्या अंगाला घर बांधलं. गवंडी म्हणाला, "सर, खिडक्या बारक्या ठेवा." मी भिंतीएवढ्या ठेवल्या. पाणी दिसलं पाहिजे ना! पहिल्याच डिसेंबरात पाणी तर दिसलंच, पण त्यावरून येणारं वारं थेट पांघरुणात शिरलं. सुमनचे, म्हणजे माझ्या बायकोचे, गुडघे धरले. "ते पाणी दिसू द्या तुम्हाला," ती म्हणाली, "मला आधी उठून उभं राहता येऊ द्या."

मग मी अभ्यासाला बसलो. आठ दिवस मोबाईलवर बर्फातल्या देशांतल्या शेगड्या पाहिल्या. वहीत तक्ता आखला, एका बाजूला लाकूड, दुसऱ्या बाजूला कोळसा. तक्ता नानांना दाखवला, तर त्यांनी तो उलटा धरून पाहिला आणि परत दिला.

"कापसाची पऱ्हाटी म्हंजी घाईतला पाहुणा. आला, भडकला, गेला. बाभळ बसून ऱ्हाते. तुमाला बाभळ पायजे, पत्र्याची बंद चूल पायजे आन् छताभायेर धुराडं पायजे."

"आणि कोळसा?"

"कोळसा लई गुणाचा दिसतो, सर. धूर न्हाई, आवाज न्हाई. म्हणून तर मला त्येचं भ्या वाटतं."

मी हसलो. नव्याकोऱ्या स्लॅबला धुराड्यासाठी भोक पाडायचं माझ्या जिवावर आलं होतं. हे खरं कारण सांगायची लाज वाटली, म्हणून म्हणालो, "नाना, ज्वलन हा धडा मी तीस वर्षं शिकवलाय."

"मंग झालंच," नाना म्हणाले आणि उठून गेले.

बीडच्या बाजारातून मी लोखंडी शेगडी आणि पोतंभर कोळसा आणला. दिवस मावळायच्या सुमारास पेटवली. निखारे फुलले, खोली ऊबदार झाली. ही ऊब फुकट जाऊ नये म्हणून मी सगळ्या खिडक्या लावल्या. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. टॉवेल कोंबताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं, हे लपवत नाही.

थोड्या वेळानं सुमन म्हणाली, "डोकं जड झालंय हो."

"चहा झाला नाही ना आज," मी म्हणालो. माझंही डोकं ठणकत होतं. उठून चहा ठेवावा म्हटलं, तर पाय उचलेनात.

तेवढ्यात काच वाजली. बाहेर नाना उभे होते. त्यांनी बंद खिडक्या पाहिल्या, शेगडी पाहिली आणि दारावर लाथ घातली. कडी निखळली. सुमनला दोन्ही खांद्यांना धरून त्यांनी बाहेरच्या ओट्यावर ओढत आणलं, मग माझी कॉलर धरली. सुमनला उलटी झाली. नाना ओरडत होते, "श्वास घ्या वहिनी, मोठ्ठा श्वास घ्या!"

मग माझ्याकडं वळले. "सर, काय शिकवलं बे तुमी पोरांना?"

मला 'बे' म्हणणारा उभ्या आयुष्यात तो पहिला माणूस. उत्तर मला येत होतं. कार्बन मोनॉक्साइड. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हा दोघांना ऑक्सिजन लावला आणि माझा व्यवसाय विचारला. मी "शेती" म्हणून सांगितलं.

आठवड्यानं स्लॅबला भोक पडलं. नानांनी वेल्डरकडून पत्र्याची चूल करून आणली, धुराडं चढवलं, वाळलेली बाभळ रचून दिली. सुमनचे गुडघे हळूहळू चालते झाले.

एका सकाळी आम्ही धपाटे घेऊन त्यांचे आभार मानायला गेलो. त्यांच्या घरात आम्ही तोवर कधी गेलोच नव्हतो, ते आमच्याकडं यायचे. घरात पाय ठेवला तर फरशी गार. कोपऱ्यात चूल होती, सारवलेली, स्वच्छ. तिच्यावर वर्तमानपत्र अंथरून औषधाच्या बाटल्या मांडल्या होत्या. निम्म्या तालुक्याच्या खोल्या ऊबदार करणाऱ्या माणसाच्या घरात साधी काडीसुद्धा पेटलेली नव्हती.

"कावून पेटवत न्हाई, नाना?" सुमननं त्यांच्याच बोलीत विचारलं.

नानांनी बाटल्या उगाच सरळ केल्या. "ही गेल्यापासून न्हाई पेटवली. पोरगं पुण्याला. एकट्यासाठी काय पेटवायचं, वहिनी? इस्तू पेटला की त्याच्यापुढं बसावं लागतं. बसलं की कुणाशी तरी बोलावं वाटतं."

मी धपाट्यांचा डबा तेवढा पुढं केला.

त्याच संध्याकाळी ते आमच्याकडं आले. धुराडं तपासायला आलोय म्हणाले. वर पाहिलं, पाईप ठोकून पाहिला आणि चुलीपुढं टेकले. सुमननं तीन ताटं घेतली.

"मी जेवून आलतो," नाना म्हणाले.

"काय जेवलात?"

नानांनी चुलीत एक लाकूड आत सरकवलं. मग हळूच म्हणाले, "भाकर बाजरीची हाय का?"

सुमन उठून आत गेली. आतून पिठाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.