तिसरी कॉफी

हुस्निया या मित्राच्या पत्राला मुहिदीन सरांनी सहा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. एरवी भांडणं मिटवण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या त्राव्निक गावात कुणी नव्हता! निदान त्यांनी लिहिलेल्या पुस्तकांपुरता तरी. म्हणूनच ते निवृत्त झाल्यावरही शाळेने आठवीला 'भांडण सामोपचाराने कसं मिटवावं' हे शिकवायला त्यांनाच बोलावलं.

"आधी ऐकायचं, मग समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडून सांगायचं, मग आपलं बोलायचं. हाडवैरीसुद्धा गळ्यात पडतो!" सरांनी ठणकावलं. "बेल्किसा, माझ्या पुस्तकातलं उदाहरण वाच."

बेल्किसाने पुस्तक उघडलं. आत खुणेला एक कागद. तिला वाटलं, हेच उदाहरण!

"'मुहिदीन, मी तुला माझ्या ऑपरेशनची हकीकत सांगत होतो. माझं पित्ताशय अजून पोटातच होतं, तोवर तू तिसरी कॉफी ओतलीस! का? तुझा हुस्निया.'"

पहिली कॉफी स्वागताची, दुसरी गप्पांची आणि तिसरी म्हणजे 'उठा आता'! हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

सरांचे कान बिटासारखे लाल झाले. "अगं, ते उदाहरण नव्हे!"

"पाहुण्याला असं हाकलतात, सर?" वेदाद मागच्या बाकावरून ओरडला.

"अरे, मी वाचत होतो! वाचता वाचता कप मोजायचे राहिले!"

"आधी त्यांचं म्हणणं तुमच्या तोंडून सांगा," बेल्किसाने दरडावलं.

सर म्हणाले, "त्याला वाटलं, मला त्याचा कंटाळा आला."

"आला होता?"

"छे गं! माझा एकुलता एक मित्र तो!"

"मग उत्तर का नाही दिलंत?"

"लिहिलं की! अकरा वेळा. शेवटचं तर सव्वीस पानांवर गेलं, तळटीपांसकट. पण एकही धड वाटेना."

बेल्किसाने खडू उचलला. 'चूक माझी. ये. पित्ताशयापासून सुरू कर. पहिली कॉफी ठेवतो.'

सरांना शैली जरा कोरडी वाटली. पण समोर डोळ्यांच्या बावीस जोड्या! त्यांनी मुकाट्याने उतरवून घेतलं.

शाळा सुटल्यावर सगळी वरात सरांना घेऊन टपालपेटीपाशी गेली. वेदादने पाकिटावरचा पत्ता वाचला आणि किंचाळला, "सर, हे तर तुमचंच घर!"

"तो वरच्या मजल्यावर राहतो," सर पुटपुटले.

"मग दार वाजवून सांगा ना!"

"समोरासमोर बोलणं हा पुढचा धडा, बाळा," सर म्हणाले. "तो माझाच अजून वाचून व्हायचाय."

आणि डोळे मिटून त्यांनी पाकीट पेटीत टाकलं.