साडेआठला संपणारा दिवस

२०२२ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, आणि समोरच्या घरात नव्याने राहायला आलेला माणूस रोज सकाळी बरोबर साडेआठला मोकळ्या जागेतल्या एका डब्यावर वाकून, आत काहीही नसताना, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं "निरंक" म्हणू लागला.

वैशाखाचे दिवस. आमच्या रावेरकडे वैशाखात ओट्याच्या फरशीवर पाय टेकवत नाही. आभाळ सातपुड्यापासून तापीपर्यंत धुतल्यासारखं मोकळं. अशात डब्यात पाणी नाही हे सांगायला माणूस लागतो का? मी ओट्यावरूनच विचारलं, "काय नही रे त्यात?"

"पाऊस, आबा. चोवीस तासात निरंक शे."

"ते मले अठून दिसतं."

"दिसनं येगळं, मोजनं येगळं."

मला उलट उत्तर देणारा माणूस गल्लीत वीस वर्षांत झाला नव्हता. मी त्याच क्षणी ठरवलं की याच्याशी बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी साडेआठला तो पुन्हा निरंक म्हणाला आणि माझ्या तोंडून पुन्हा काहीतरी निघून गेलं. असं ते सुरू झालं.

हा सुकलाल भंगाळे. मूळ आमच्याच गावचा, पण नोकरी सगळी धुळ्याकडे, पाटबंधारे खात्यात मोजणीदार. तीस वर्षं धरणावर पाऊस मोजला आणि वर कळवला. तिकडे राहून आमच्याकडचं 'आहे' विसरला आणि 'शे' घेऊन आला. बायको धुळ्यालाच वारली. एक मुलगी, ती सुरतेला दिलेली. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात. याने खात्याने मोडीत काढलेलं पर्जन्यमापक उचललं आणि त्याच्यासाठी घराशेजारी तारेचं कुंपण घातलं. घराला अजून रंग नव्हता.

आठवड्याभरात तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आबा, तुमचा निंब तोडना पडी."

हा निंब माझ्या वडिलांनी लावलेला. मी म्हटलं, "काहून?"

"झाड जितलं उच्च, त्याना दुप्पट अंतर पाहिजे. नही तर माप खोटं येस."

"मंग डबा उचल आणि तापीत नेऊन ठेव."

तो गेला. संध्याकाळी पाहतो तर त्याने स्वतःचा शेवगा तोडला होता आणि डबा माझ्या निंबापासून पावलं मोजत मोजत पार पलीकडच्या टोकाला नेला होता. शेंगा लगडलेला शेवगा. असल्या माणसाचा राग येणार नाही तर काय येईल?

बरं, वागण्याची रीत म्हणावी तर तीही नाही. पाहुण्याने सहज विचारावं, "काय, पाऊस बरा झाला का?" तर हा म्हणणार, "मोजी लेऊ द्या, मंग सांगस." गल्लीत एक म्हातारी पहाटे वारली. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि याने हळूच विचारलं, "साडेआठना आधी ना?" आधी वारली तर आजच्या नोंदीत, नंतर वारली तर उद्याच्या, असा त्याचा हिशेब. मी त्याला कोपर मारलं, तर म्हणतो, "नोंदीना नियम शे, आबा."

माझी शाळा चौथीपर्यंत. पण पन्नास वर्षं या गल्लीने आभाळाचं मला विचारलं. कपाशीला खत टाकू का, केळीला पाणी सोडू का, मका आत घेऊ का. वारा कोणत्या अंगाने फिरला, मुंग्या अंडी घेऊन कुठे निघाल्या, सातपुडा जवळ आल्यासारखा दिसतो का लांब गेल्यासारखा, एवढं पाहिलं की मी सांगत असे. माझ्या ओट्यावर फोन नव्हता आणि कोणाला त्याची गरजही नव्हती.

ती गरज सुकलालने आणली. त्याच्या फोनवर हवामानाचं एक ॲप होतं. नाव सांगत नाही, उगाच त्यांची जाहिरात. त्यात एका ठिकाणचा अंदाज नव्हता, चार ठिकाणचे शेजारी शेजारी होते. एक आपल्या सरकारी खात्याचा, एक युरोपातला, एक अमेरिकेतला आणि एक त्या कंपनीने स्वतः काढलेला. सुकलालने त्यांना नावं ठेवली होती. सरकारी तो साहेब, युरोपातला गोरा, अमेरिकेतला लांबचा, आणि कंपनीचा तो घरजावई. "आज साहेब काय म्हणस? साहेब म्हणस हलका. गोरा म्हणस नही. घरजावई म्हणस उद्या." हे सगळं तो कुंपणापाशी उभा राहून मला सांगायचा. मी म्हणायचो, "मी म्हणतो आज दुपारून येईल." तो मान हलवून आत जायचा. मला वाटायचं, हसतो आहे.

गल्लीतल्या पोरांनी ते ॲप आपापल्या फोनवर घेतलं, आणि माझ्या ओट्यावर येणं कमी झालं. त्यात एक पान होतं, 'तुमच्या गावासाठी सर्वात अचूक कोण'. तिथे तारे. घरजावयाला पाच, बाकीच्यांना दोन-तीन. झालं. गाव घरजावयाच्या मागे.

मग भागवतचं झालं. भागवत आमच्या गल्लीतला तरुण केळीवाला, बाग निसवलेली, घड लटकलेले. जूनच्या सुरुवातीला घरजावई म्हणाला, वादळी पाऊस मंगळवारी. गोरा म्हणाला, सोमवारी संध्याकाळी. भागवतने पाच तारे पाहिले आणि बांबूचे टेकू मंगळवारी सकाळी लावायचे ठरवले. वादळ सोमवारी संध्याकाळी आलं. अर्धी बाग आडवी.

तो सुकलालच्या दारात येऊन उभा राहिला. आवाजही चढवला नाही त्याने. म्हणाला, "नाना, हे ॲप तुम्हीच दाखवलं होतं आम्हाले." एवढं बोलून गेला. सुकलाल त्या दिवशी जेवला नाही. मला कसं माहीत? त्याच्या घरातून भाकरीचा वास येतो का नाही, ते माझ्या ओट्यावर कळतं.

त्यानंतर आठवडाभर तो वही आणि फोन घेऊन बसला होता. मग एका सकाळी कुंपणापाशी न थांबता थेट माझ्या ओट्यावर आला, पहिल्यांदाच.

"आबा, बठ्ठं खोटं शे. तारे खोटे शेत."

त्याने समजावलं ते मला असं कळलं. पाऊस मोजणाऱ्यांचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. सोमवारी संध्याकाळी पडलेला पाऊस मंगळवारी सकाळी मोजतात आणि मंगळवारच्या नावावर लिहितात. पिढ्यान्‌पिढ्या तसंच आहे. पण फोनमधल्या चौघांचा दिवस रात्री बाराला संपतो. कंपनी तारे देताना दोन्हीकडच्या तारखा नुसत्या समोरासमोर ठेवते. म्हणून गोरा सोमवार म्हणाला, पाऊस सोमवारी पडला, तरी गोरा नापास. घरजावई एक दिवस उशिराचं बोलला, मंगळवारी थेंब नाही, तरी घरजावई पास. आमच्याकडे वळवाचा आणि मृगाचा पाऊस संध्याकाळीच येतो. म्हणजे जो रोज उशिरा बोलेल तो इथे पहिला.

मी म्हटलं, "म्हणजे सोमवारी संध्याकाळी पोरगी झाली आणि सुईणीने मंगळवारी मोजली, तर पाळण्यावर मंगळवार लिहायचा?"

"बराबर. अन् सोमवार म्हननारले खोटं ठरावनं."

मला संताप आला. माझ्या ओट्यावरची माणसं नेली ती असल्या गणितावर? बरं, तपासणारा कोण, तर स्वतः कंपनी. परीक्षेला त्यांचाच घरजावई बसलेला आणि पेपरही त्यांनीच तपासायचा. मी सुकलालला म्हटलं, लिही त्यांना. माझं नाव घाल.

त्याने लिहिलं. पुन्हा पुन्हा लिहिलं. दरवेळी उत्तर एकच, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. सुकलाल ते उत्तर मला वाचून दाखवी आणि मी त्यावर बोलत असे. ते बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही. दोन पावसाळे असे गेले. आज त्या ॲपमध्ये तुलनेच्या पानावर सगळ्यांचा दिवस साडेआठलाच संपतो, आणि गावात कोणी 'कंपनीने सुधारणा केली' म्हटलं की माझं डोकं फिरतं. कंपनीने नाही, सुकलालने.

ते असं झालं. २०२४ च्या ज्येष्ठात पुण्याहून एका मुलीचा फोन आला. कंपनीतली होती, पण बोलायला माणसासारखी. "सर, तुमची तक्रार मी वाचली. तुमच्याकडे रोजच्या नोंदी आहेत?"

"सर नही, मोजणीदार म्हना. दोन वर्सना बठ्ठ्या नोंदी शेत."

"उद्या दुपारी आमची बैठक आहे. वहीचे फोटो त्याआधी पाठवाल? आणि काका, वहीत नंतर काही बदललेलं नाही ना? तेच पहिलं विचारतील मला."

"एक खाडाखोड सापडनी तर वही फेकी द्या," सुकलाल म्हणाला. मी शेजारीच बसलो होतो. त्याच्या मानेला असा ताठा मी कधी पाहिला नव्हता.

त्या दुपारी त्याने मला घरात बोलावलं. खात्यात म्हणे एक वाचतो आणि दुसरा खूण करतो. एकट्याने तपासलेलं तपासलेलं धरत नाहीत. मी चष्मा लावून बसलो. पानावर रकाने आखलेले. तारीख, माप, साहेब, गोरा, लांबचा, घरजावई. आणि शेवटी एक अरुंद रकाना, वर नुसतं 'आ.'

"हा कोन? आफ्रिका?"

"तुम्ही," तो वहीतून डोकं वर न काढता म्हणाला.

दोन वर्षं मी ओट्यावरून जे जे बोललो ते त्याने लिहून ठेवलं होतं. दुपारून येईल. नुसता वारा. आज नाही, परवा. समोर बरोबरची खूण. मी वाचत गेलो आणि खरं सांगतो, माझा आवाज वाढत गेला. गोऱ्याच्या चुका होत्या, साहेबाच्या होत्या, घरजावयाच्या तर पानोपानी. माझी एकही नव्हती. असं मी चैत्राच्या पानापर्यंत आलो, आणि तिथे माझा रकाना कोरा होता.

त्या दिवसाबद्दल मी इथवर बोललो नाही आणि बोलणारही नव्हतो. त्या चैत्रात बायांनी मला विचारलं होतं, आबा, बिबडे घालू का? ज्वारीचे बिबडे म्हणजे आमच्याकडचे पापड, वर्षाची बेगमी, पहाटे उठून शिजवायचं आणि खाटांवर, धोतरांवर घालायचे. मी म्हटलं घाला, आठ दिवस थेंब नाही. दुपारी तीनला असा कोसळला की सात घरांचा लगदा झाला. मला कोणी काही बोललं नाही. तेच लागलं. गुडघे दुखतात म्हणून मी पाच दिवस घराबाहेर आलो नाही.

मी मागची पानं उलटली. मघाशी वाचण्याच्या भरात नजरेतून सुटलेले धरून असे सात कोरे रकाने निघाले. सातही दिवस मला पाठ होते.

"अठी काय झालं?"

"त्या दिन तुम्ही काही बोलले नही."

"गल्लीभर बोललो मी."

"मले ऐकू उनं नही."

"सुकलाल," मी म्हटलं, "ती कंपनी जावयाचे मार्क वाढवते म्हणून दोन वर्षं बोंबलतो आहेस. आणि तू अठी काय केलं? त्या पोरीले काय सांगितलं तू मघाशी?"

तो वहीची कड अंगठ्याने सारखी करत बसला. मग म्हणाला, "पाच दिन तुम्ही ओटावर नव्हते, आबा. मी साडेआठले आवाज दिधा. कोनी शिवी बी दिधी नही. मोजं, पन सांगाले कोनी नही. तुम्हनी चूक लिखी, अन् तुम्हले दिसनी, तर तुम्ही परत मझार जाई बसशात." म्हणजे मी पुन्हा आत जाऊन बसेन.

त्याने चहा ठेवला होता. मी न पिता उठलो. माझ्यावर दया करणारा हा कोण, असं मी घरी बायकोला दोनदा सांगितलं. ती ज्वारी निवडत राहिली, आणि तिसऱ्यांदा सांगायला मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी त्याच्या दारात गेलो, वही मागितली आणि माझ्या चौथीच्या अक्षरात सातही रकान्यांत, त्या त्या दिवशी जे बोललो ते लिहिलं. पुढे लाल फुली मारली. प्रत्येक फुलीजवळ आजची तारीख आणि माझी सही घातली, म्हणजे नंतर कोणी काय घातलं ते त्या मुलीला लपवावं लागू नये. सुकलालने बेरीज केली. गोरा पहिला, मी दुसरा. "पाठव," मी म्हटलं. मग त्याची खुर्ची ओढून कुंपणाच्या आत नेली, बसलो, आभाळाकडे पाहिलं आणि आज पाऊस येणार की नाही ते इतक्या मोठ्याने सांगितलं की गल्लीच्या पार टोकाच्या घरातून भागवत बाहेर आला.